मिलिंदाच्या नाण्याची खपली

पहिलं पाणी

“आधी ते तोंडातून काढा,” गंधेसर म्हणाले.

आईनं डाव्या गालातलं नाणं जिभेवर आणलं, दोन बोटांनी उचललं, पदराला पुसलं आणि टेबलाच्या काचेवर ठेवलं. सरांनी खिशातून रुमाल काढला. नाणं रुमालात धरून ते खिडकीपाशी गेले. विसपुतेशेठ चपला हातात घेऊन दाराशी उभे होते. मी आईच्या मागे.

“तोंडात कशाला ठेवायचं?” सरांनी नाण्यावरची नजर न काढता विचारलं.

“हात कामात असत्यात,” आई म्हणाली. “कनवटीला भोक पडतं. गालाला पडत न्हाई.”

विसपुतेशेठ हसले. सर हसले नाहीत. ते भिंग डोळ्याला लावून इतके वाकले होते की त्यांचं नाक खिडकीच्या गजाला टेकलं होतं.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पाच दिवस आधीची. मी वीस वर्षांची होते. आम्ही झारेकरी. सोनारांच्या दुकानासमोरचा केर, गटारातला गाळ, नदीतली वाळू लाकडी पाटीत घेऊन पाण्यानं झारायची आणि तळाला राहील ते सोनं-चांदी विकायचं, हे आमचं काम. उन्हाळ्यात तापी खाली गेली की आम्ही नांदरखेड्याच्या जुन्या घाटाखाली पाल टाकायचो. नाणं तिथंच मिळालं होतं. विसपुतेशेठ आमचा नेहमीचा सोनार. त्यांनी ते वितळवायला घेतलं नाही आणि आम्हाला एसटीत बसवून शहरातल्या या वस्तुसंग्रहालयात, गंधेसरांकडे आणलं.

“नाव काय तुमचं, बाई?” सर टेबलाशी येऊन बसले.

“काशी.”

मी पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. माझ्या आईचं नाव मथुरा. पण टेबलामागे बसलेल्या माणसानं नाव विचारलं की ती मनात येईल ते सांगायची. एरंडोलला ती गंगू होती, चोपड्याला सारजा. खरं नाव वहीत गेलं की पुढच्या गावची चोरी त्या नावावर पडते, असा तिचा अनुभव होता.

“तर काशीबाई,” सर म्हणाले आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, “हे तुम्ही काय आणलंय ते ठाऊक आहे? हा राजा ग्रीक. आपले लोक यवन म्हणायचे. तिकडं पंजाबाच्याही पलीकडं त्याचं राज्य होतं, दोन हजार वर्षांपूर्वी. हा त्याचा चेहरा. भोवती ग्रीक अक्षरं. मागच्या बाजूला वज्र फेकणारी देवी, आणि तिच्याभोवती इथल्या लोकांची लिपी, उजवीकडून डावीकडं वाचायची. दोन्हीकडं मजकूर एकच. महाराज, त्राता, मिनँडर.”

“त्राता म्हंजे?” मी विचारलं.

“वाचवणारा.”

“बरंय,” आई म्हणाली.

“त्यालाच आपण मिलिंद म्हणतो. हा एका भिक्खूला प्रश्न विचारायला गेला. दिवसचे दिवस विचारत राहिला. आणि उत्तर पटलं की चारचौघांत कबूल करायचा, की हरलो म्हणून. राजा असून.” सरांनी पुन्हा भिंग उचललं. “याची नाणी भडोचच्या बाजारात पुढं दोनशे वर्षं चालत होती, असं एक ग्रीक खलाशी लिहून गेलाय. पण तापीत, इतक्या आत? कुणाला सापडल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.”

त्यांनी खणातून एक जाड कार्ड काढलं आणि टाकानं लिहायला लागले. काय लिहिलं ते तेव्हा मला कळलं नाही. मला मराठीही वाचता येत नव्हतं, त्यामुळे ग्रीक काही वेगळं परकं वाटलं नाही. अक्षरं मी पुढे चाळिशीत शिकले. आज ते कार्ड माझ्यासमोर आहे. त्यावर असं आहे:

नाणे : चांदी, द्रम्म
राजा : मिनँडर (मिलिंद)
वजन : २.४१ ग्रॅम
सापडल्याचे ठिकाण :

इथं टाक थांबला होता. शाईचा ठिपका अजून दिसतो.

(इथल्या आताच्या अधिकारी बोरसेमॅडमनी पाण्याचा पेला आणून ठेवला. मी मानेनं नको म्हणाले. याच संग्रहालयात, त्याच खोलीत बसून मी हे लिहितेय. टेबल तेवढं बदललंय. हे सगळं तोंडी का सांगत नाही, ते शेवटी येईल. आम्ही गाळ चार पाण्यांनी धुतो. पहिल्या पाण्यात नुसती माती जाते. तेवढीच गेलीय अजून.)

दुसरं पाणी

“पण हे इतकं लख्ख कसं?” सरांनी विचारलं.

त्यांनी नाणं रुमालातच उलटंपालटं केलं.

“दोन हजार वर्षं नदीत पडलेली चांदी अशी नसते. तिच्यावर काळं कवच चढतं. वाळू चिकटते, खडे चिकटतात. हे तर कालच कुणाच्या डबीतून निघाल्यासारखं आहे.” त्यांनी टाक खाली ठेवला. “विसपुते, तुम्ही ऐकलं असेल. दोन महिन्यांपूर्वी इथल्या एका वकिलांच्या घरी चोरी झाली. त्यांचा जुन्या नाण्यांचा संग्रह होता. यादी पोलिसांकडं आहे. यादीत मिनँडर आहे.”

विसपुतेशेठच्या हातातली एक चप्पल खाली पडली.

“सर, मी तर घेतलंसुद्धा नाही ते. थेट तुमच्याकडं आणलं.”

“तुम्हाला कोण काही म्हणतंय?”

“मग आमाला म्हनताय,” मी म्हणाले.

आईनं मागे हात करून माझ्या दंडाला चिमटा काढला.

आता चार दिवस मागचं सांगायला हवं, कारण चूक माझी होती.

घाटाखाली एक खडक आहे. त्याच्या पोटाला पाणी वळतं आणि जड वस्तू तिथं बसते. पाचव्या पाटीत मला चिंचोक्यासारखं काहीतरी काळं, खडबडीत मिळालं. मी फेकणार होते. आईनं माझ्या हातातून ते घेतलं आणि जिभेवर ठेवलं. गटारातली चांदी आणि नदीतली चांदी तिला जिभेवर कळायची. गटारातली तुरट, आंबूस लागते म्हणायची. नदीची गार लागते आणि मग काहीच लागत नाही.

“चांदी,” ती म्हणाली. “नदीची. घास.”

आणि मी घासलं. चुलीतली राख, चिंच, चिमूटभर बारीक वाळू. सोनार काळ्या मालाला भाव पाडून मागतो, म्हणून झारेकऱ्याची पोर चालायला लागली की घासायला शिकते. तळहाताच्या टाचेखाली धरून मी ते अर्धी दुपार घासलं. काळं कवच सुटत गेलं आणि खालून एक नाक आलं, मग कपाळावरची पट्टी, मग केस. मी आईला हाक मारली.

“माय, मी एका राजाला आंघोळ घातली बघ.”

“कानामागं घास नीट,” आई म्हणाली.

तर सरांना हवं होतं ते कवच मीच घासून काढलं होतं. ते नसल्यामुळे माझी आई आता चोर ठरत होती.

सर वाईट माणूस नव्हते. ते बराच वेळ टेबलावरची पट्टी सरळ करत बसले. मग म्हणाले, “हे बघा काशीबाई. मी तुम्हाला चोर म्हणत नाही.”

“मग काय म्हनताय?” मी विचारलं.

“पुरावा नाही म्हणतोय. यातून एक वाट आहे. तुम्ही सांगा, शहरात रस्त्यावर पडलेलं सापडलं. मी इथं ‘अज्ञात’ लिहितो. नाणं संग्रहालयात राहील. वकिलांशी मी बोलेन, पोलिसांपर्यंत जायची गरज नाही. पण तुम्ही तापीचं नाव घेत असाल, तर मला खात्री करावी लागेल. आणि खात्री करायची म्हणजे चौकीवर कळवावं लागेल.”

“रस्त्यातच घावलं,” आई लगेच म्हणाली. “लिवा तसं. तो काय तो वाचवनारा हाय, तेवढं वाचवू द्या त्याला.”

सरांनी टाक उचलला.

“न्हाई,” मी म्हणाले.

“केसर,” आई म्हणाली.

“नदीत घावलं. मला घावलं. पाचव्या पाटीत.”

“बाई, तुझ्या आईनं आत्ता—”

“ती भ्यायलीय. मी न्हाई.”

मी भ्यायले होते. पण सर ‘अज्ञात’ हा शब्द ज्या सहजपणे म्हणाले होते, ते मला सोसलं नाही. आमच्या सगळ्या कामाला एकच किंमत असते, कुठून काय मिळतं ते ठाऊक असणं. तेच खोडायला ते सांगत होते, आणि वर उपकार म्हणून.

सरांनी नाणं पाकिटात घातलं, लाख लावली आणि त्यावर विसपुतेशेठची सही घेतली. “उद्या दुपारी बारापर्यंत थांबतो,” ते म्हणाले. “रस्ता की नदी, ते ठरवून या. नदी म्हणत असाल तर काहीतरी घेऊन या. नुसती जीभ घेऊन येऊ नका.”

तिसरं पाणी

पालावर पोचायला ऊन कलतं झालं. आईनं एक शब्द न बोलता पालाची पहिली खुंटी उपटली.

“काय करतीस?”

“पलीकडच्या तीरावर जाऊ. तिथनं पुढं बघू.”

“पळालो म्हंजे चोरी कबूलच केली की.”

“तुला काय कळतं गं?” तिनं दुसरी खुंटी हलवायला घेतली. “तुझ्या बापाला चौकीत सात दिवस ठेवलं होतं. एका नथीपायी. नथ त्या बाईच्याच उशीखाली निघाली. तुझा बाप घरी आला तवा डाव्या हातानं पाटी धरता येत नव्हती. निघाली नथ, तर काय मिळालं त्याला? जा म्हनले. एवढंच. जा.”

माझा बाप त्यानंतर चार वर्षांनी वारला. तोपर्यंत पाटी आईच धरायची. तो काठावर बसून वाळू सुटी करून द्यायचा.

“म्हनून रस्त्यात घावलं म्हनायचं?” मी विचारलं.

“म्हनून जिवंत ऱ्हायचं.”

पालाच्या कोपऱ्यात, चुलीमागे, एक गाडगं पुरलेलं होतं. तोंडाला फडकं, फडक्यावर मातीचा लेप. मी त्याच्याशेजारी जाऊन बसले.

हे गाडगं नीट सांगायला हवं. झारेकरी धुवण फेकत नाही. काहीही घासलं, काहीही धुतलं, तरी त्यात चांदीचा कण जातो. म्हणून घासलेली राख, चिंचेचा चोथा, पाणी, सगळं त्या गाडग्यात. पाणी वर येतं ते निवळून काढायचं, खालचा साका वर्षभर साचत जातो. आखाजीच्या दिवशी लेप फोडून ते धुवायचं. त्यातून जे काही निघेल ते घरच्या लेकीचं, बापाचं नाही, भावाचं नाही. आखाजीआधी त्याला हात लावायचा नाही. आमच्यात असं होतं की आधी उघडलं तर त्या वर्षी घरात काही टिकत नाही. रोज घालायला लेपात बोटभर भोक ठेवलेलं असे, तेवढंच.

मी त्या भोकाकडे बघत होते. चार दिवसांपूर्वी मी राजाची आंघोळ त्यातूनच आत ओतली होती.

“माय,” मी म्हणाले, “त्याला काळं कवच पायजे ना?”

आईची खुंटी हातात राहिली. तिला माझ्याआधी कळलं, असं मला आजही वाटतं. कारण ती एकदम ओरडली.

“हात लावू नकोस त्याला.”

“माझंच हाय ना ते? लेकीचं?”

“आखाजीला तुझं. आज कुणाचंच न्हाई.”

“आखाजीला आपन कुठं असू? चौकीत का पलीकडच्या तीरावर?”

“पोरी, घरात काई टिकत न्हाई त्यानं.”

“आज काय टिकलंय गं घरात?” मी विचारलं. “बाप टिकला? तुझं नाव टिकलं? गावागावाला नवं नाव घेतीस. मला एखाद वेळी हाक मारायला गेले की कळंना होतं, इथं तू कोन हायस.”

ती खाली बसली. खुंटी मांडीवर घेऊन बसली. मग तिनं उठून पहिली खुंटी पुन्हा जमिनीत ठोकली. दुसरी तशीच हलती ठेवली.

“मी न्हाई येत उद्या,” ती म्हणाली.

सकाळी मी गाडगं खणून काढलं. डोक्यावर घेऊन थांब्यावर गेले तर ती माझ्याआधी तिथं उभी होती, काखेत पाटी घेऊन.

एसटीत गाडगं मांडीवर बघून कंडक्टर म्हणाला, “काय गं, लोणचं का?”

“राजाची आंघोळ,” आई म्हणाली. “तिकीट पडंल का त्याला?”

(बोरसेमॅडमनी परत येऊन विचारलं, आजी, झालं का. मी बोटानं अजून एक पान दाखवलं. त्या समोर खुर्ची ओढून बसल्या आहेत. माझ्या गालाकडे बघत आहेत.)

चौथं पाणी

संग्रहालयाच्या मागच्या अंगणात नळ होता. तिथं मी पाटी ठेवली. सर पायरीवर उभे राहिले. विसपुतेशेठही आले होते. स्वतःचं नाव अडकलंय म्हणून आले असतील, पण आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, “काही खाल्लंस का?” हे मी विसरलेले नाही.

“यात काय आहे?” सरांनी विचारलं.

“मी जे घासून काढलं ते.”

सरांनी गाडग्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “राख ठेवता तुम्ही? किती दिवस?”

“वरीसभर.”

“सगळी?”

“फेकायला ती काय आमची हाय? ज्याची चांदी त्यात गेली त्याची बी असती थोडी.”

ते पायरीवरून खाली उतरले.

मी दगड घेतला आणि लेपावर मारला. आईनं तोंड फिरवलं होतं. लेप फुटला, फडकं निघालं, वर्षाच्या राखेचा आंबूस वास आला. वरचा थर ताजा होता. मी हातानं तो काढून पाटीत घेतला आणि पाणी सोडलं. झारणं म्हणजे पाटीला गोल हेलकावा द्यायचा, हलकं ते काठावरून जाऊ द्यायचं. जोर जास्त झाला तर हवं तेही जातं. मी पहिला हेलकावा दिला आणि पाणी काठावरून भसकन सांडलं.

“हात थरथरतोय तुझा,” आई म्हणाली. तिनं तोंड फिरवलेलंच होतं. आवाजावरून कळलं तिला. “हो बाजूला. आन इकडं.”

ती उकिडवी बसली. पदर खोचला. तिनं पाटी धरली आणि हेलकावा दिला. मी माझ्या आयुष्यात तसा हात दुसरा बघितला नाही. पाणी पाटीत फिरत होतं पण हलत नव्हतं, असं वाटायचं. राख गेली. चोथा गेला. बारीक वाळू अर्धचंद्रासारखी काठाला लागली आणि तीही गेली. तळाला चिमूटभर काळं राहिलं.

सर गुडघे टेकून बसले, पांढऱ्या धोतरानं, चिखलात.

आई एकेक कण बोटानं बाजूला करत गेली. काळे चुरे, मोहरीएवढे, तिळाएवढे. सर प्रत्येक भिंगाखाली बघत होते आणि मान हलवत होते. “कवचच आहे,” ते म्हणाले. “पण चुऱ्यावरून काही सांगता येत नाही. कुठल्याही चांदीचं असेल.” आई थांबली नाही. विसपुतेशेठनी घड्याळ बघितलं आणि ते झाकायला बाही खाली ओढली.

मग तिनं मसुरीच्या डाळीएवढी एक खपली उचलली. जखमेची असते तशीच, एका बाजूनं फुगीर, एका बाजूनं खोल. तिनं ती आधी जिभेवर ठेवली. डोळे मिटले. मग काढून माझ्या तळहातावर दिली, सरांच्या नाही.

“दाखव त्येंना,” ती म्हणाली.

सरांनी माझा हातच उन्हात धरला. फुगीर बाजूला वाळूचे लालसर कण होते आणि ज्वारीच्या कण्यासारखी एक शिंपली, नदीतल्या गोगलगायीची, अर्धी कवचात बुडालेली. सरांनी पिनेच्या टोकानं खपली उलटी केली.

खोल बाजूला तीन खुणा उमटल्या होत्या. एक त्रिकोण. एका काठीला लटकलेलं पोट. एक लहानसा गोल.

सरांनी लाख फोडली. पाकिटातून नाणं काढलं. राजाच्या हनुवटीखाली, काठाला, ग्रीक अक्षरांतल्या त्याच तीन खुणा होत्या. फक्त खपलीत त्या उलट्या होत्या आणि नाण्यावर सुलट. त्यांनी खपली नाण्याजवळ नेली आणि ती तिथं बसली. बोट काढल्यावरही पडली नाही.

एका बाजूला नदी होती आणि दुसऱ्या बाजूला राजा. मध्ये नखाएवढी जागा नव्हती, जिथून कुणी वकील, कुणी चौकी आत शिरेल.

सरांनी खपली पिनेनं अलगद सोडवली आणि माझ्या तळहातावर परत ठेवली.

“तुमच्या राजाला उत्तर पटलं की तो काय म्हनायचा?” मी विचारलं.

“केसर,” आई म्हणाली. पण चिमटा काढला नाही.

सरांनी चष्मा काढला. “हरलो,” ते म्हणाले.

आत जाऊन त्यांनी कार्ड काढलं. कालच्या ठिपक्यापुढे लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: तापी नदीपात्र, नांदरखेडे, जुन्या घाटाखाली. मग म्हणाले, “ती खपली आता इकडं द्या. नाण्याच्या पाकिटातच ठेवायला हवी.”

मी मूठ मिटली.

“कुनी काढलं ते लिवा आधी.”

“त्याचा रकाना नसतो कार्डावर.”

“पट्टी हाय की तुमच्याकडं. कालपासून सरळ करताय. ओढा रेघ.”

“अशी पद्धत नाही, बाई. सगळी कार्डं एकसारखी असतात. राजा, धातू, वजन, ठिकाण.”

“दोन हजार वर्सांमागं मेलेल्याचं नाव हाय. दोन हात लांब उभ्या असलेल्याचं न्हाई?”

विसपुतेशेठ खिडकीबाहेर बघायला लागले. सरांनी माझ्या मुठीकडे बघितलं. रागानं नाही, मोजमाप घेतल्यासारखं. मग पट्टी उचलली, कार्डाच्या तळाला रेघ मारली आणि रेघेखाली लिहिलं. वाचून दाखवलं, “शोधक, काशीबाई झारेकरी, व कन्या.”

मला वाटलं, झालं. मी मूठ उघडायला लागले.

“खोडा,” आई म्हणाली.

सरांनी वर बघितलं.

“काशी खोडा. काशी कोन न्हाई.” ती टेबलाच्या अगदी जवळ आली होती. दोन्ही हात काचेवर ठेवले होते, ओले, राखेनं काळे. तिच्या गालात तेव्हा काही नव्हतं, तरी बोलायला तिला वेळ लागला. “मथुरा. लिवा मथुरा. नवऱ्याचं नाव भिवसन, त्येला सात दिस ठेवला होता, ते लिवायला जागा नसंल तर ऱ्हाऊ द्या. आन ही कन्या न्हाई नुसती. केसर. राजाला हिनं काढला.”

टाक कागदावर फिरल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मी मूठ उघडली.

उरलं ते

आई जाऊन एकोणतीस वर्षं झाली. टेबलामागच्या माणसाला तिनं खरं नाव सांगितलं ते त्या एकाच दिवशी. त्यानंतर कधी वहीत कुणी नाव विचारलं, तर ती म्हणायची, माझं नाव संग्रहालयात हाय, जा बघून या. कुणी गेलं नाही. पण तिला थाटात सांगता यायचं.

अक्षरं आल्यावर मी पहिल्यांदा इथं आले ती हे कार्ड वाचायला. ‘काशीबाई’वर आडवी रेघ आणि वर बारीक अक्षरांत ‘मथुरा’. शेजारी ‘केसर’. मी तेव्हापासून दर आखाजीला येते. कपाटाशी उभी राहते, वाचते, जाते.

आज आले तर कपाटात कार्ड नव्हतं. बोरसेमॅडम नव्या आहेत, चांगल्या आहेत. त्यांनी मला खुर्ची दिली आणि सांगितलं की सगळी कार्डं आता संगणकावर घेतली आहेत. पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. राजा होता. धातू होता. वजन होतं, ठिकाण होतं.

“खालची ओळ?” मी विचारलं. त्यांनी खणातून जुनं कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं.

“ती हातानं ओढलेली होती ना, आजी. सॉफ्टवेअरमध्ये तो रकानाच नाही. बाकी सगळं आलंय बघा, एक अक्षर चुकलेलं नाही.”

“खपली कुठं हाय?”

ती त्यांनी दाखवली. कापसात, काचेच्या लहान डबीत, नाण्याच्या शेजारी. मी म्हटलं, जरा जवळून बघू का, डोळ्यांना दिसत नाही. त्यांनी डबी उघडून माझ्या हातात दिली.

मग मी ती डाव्या गालात ठेवली.

बोरसेमॅडम आधी हसल्या. मग म्हणाल्या, “आजी, गिळू नका हां.” मग म्हणाल्या, “आजी, ही सरकारी मालमत्ता आहे.” मी मान हलवली. मालमत्ता कुणाची ते मला ठाऊक आहे, ती मी काढून दिलीय. मी खुणेनं कागद मागितला. गालात वस्तू असली की झारेकरी बोलत नाही. आणि ही गोष्ट नुसती तोंडी सांगून चालणार नव्हती. तोंडी सांगितलेलं ‘अज्ञात’मध्ये जातं.

म्हणून हे लिहिलं. मॅडमनी पान पान उचलून वाचलंय. आत्ता त्या कोपऱ्यात उभ्या राहून मुंबईला कुणाशी तरी फोनवर बोलत आहेत. “नाही सर, एकच रकाना,” असं म्हणत आहेत. “नाही सर, त्या उठत नाहीत.” मग खूप वेळ ऐकून घेत आहेत. मग, “सर, नदीत कोण उतरलं होतं, तुम्ही का मी?”

मला घाई नाही. शेवटची एसटी सहाला आहे आणि ती चुकली तर उद्याची आहे. खपली आधी गार लागली होती. आता काहीच लागत नाही.